पिठल्याची जत्रा

तळपेवाडीच्या रखमाजी गराड्याला जन्मभर एकच दुखणं होतं आणि त्या दुखण्याचं नाव राजमहंमद मुलाणी.

वाडी वलवणच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून बसलेली. मुलाण्यांची घरं तीन, बाकी सगळे गराडे नाहीतर गराड्यांचे सोयरे. रखमाजी आणि राजमहंमद एकाच पावसाळ्यात जन्मले आणि एकाच माळावर म्हशी राखून मोठे झाले. राजमहंमद दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायचा की त्याच्या म्हशी तर वळायच्याच, पण रखमाजीची चांदीसुद्धा शेपूट उंच करून त्याच्यामागं निघायची. आता स्वतःची म्हैस दुसऱ्याच्या शिट्टीवर घरी यायला लागली तर माणसाला काय वाटावं? रखमाजीनं शिट्टी शिकायचा चंग बांधला. ओठ सुजले, थुंकी उडाली, गालाला रग लागली, पण शिट्टी काही निघेना. चांदी तेवढ्यापुरती मान वर करून त्याच्याकडं बघायची आणि परत चरायला लागायची.

पुढं वलवणच्या धरणाचं काम निघालं, तेव्हा दोघं तिथं दगड वाहायला गेले. दोघांची उंची एक, छाती एक. पण राजमहंमद वाहता वाहता काहीतरी बोलायचा आणि अख्खी रांग हसायची. साहेबाला मराठी कळत नव्हतं, तरी तोही हसायचा. दिवाळी यायच्या आत राजमहंमद मुकादम झाला आणि रखमाजी त्याच्या हाताखाली आला. "रखमा, जरा बस, पानी पी," असं राजमहंमद मायेनं म्हणायचा, तर ती माया रखमाजीला दगडापेक्षा जड व्हायची. तहान लागली असली तरी तो पाणी प्यायचा नाही.

मग रखमाजीचं लग्न झालं. बायको नवलाख उंबरे गावची, सरुबाई. गोरीगोमटी, कामाला वाघ, बोलायला मोजकी. तिला सख्खा, चुलत, मावस, कसलाच भाऊ नव्हता. पहिल्या भाऊबीजेला घरोघरी पाट मांडले गेले, रांगोळ्या पडल्या, आणि सरुबाई चुलीपुढं बसून डोळे पुसायला लागली. नेमका त्याच वेळी राजमहंमद मागून नेलेलं सूप परत द्यायला दारात आला.

"का रडती वैनी? रखमानं मारलं का काय?"

"न्हाई वो. वोवाळायला भाऊ न्हाई मला."

"आन मी काय मेलोय?" म्हणत राजमहंमदनं सूप खाली ठेवलं, आपल्या हातानं पाट ओढला आणि वर जाऊन बसला. "वोवाळ. पन टिळा जरा लहान लाव, आमची घरवाली रोशनबी भांडंल."

सरुबाईनं हसत हसत ओवाळलं आणि रखमाजीसाठी म्हणून झाकून ठेवलेल्या करंज्यांचं ताट राजमहंमदपुढं ठेवलं. त्यानं जाताना एक उरलेली करंजी रखमाजीच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "खा की दाजी!"

तेव्हापासून रखमाजी त्याचा दाजी झाला. भर चावडीवर, भर बाजारात, लोणावळ्याच्या ठेसनावर आगीनगाडी उभी असताना पलीकडच्या फलाटावरून राजमहंमद ओरडायचा, "वो दाजी!" लोक वळून बघायचे. रखमाजीचा जीव वर-खाली व्हायचा. आणि दर भाऊबीजेला करंज्या. त्याही नवऱ्याला कधी मिळाल्या नाहीत असल्या, खुसखुशीत, आत खोबरं ठासून भरलेल्या. रखमाजीनं एकदा विचारलं, "माज्या करंजीत खोबरं कमी का?" तर सरुबाई म्हणाली, "तुमी रोज हितंच असताय की."

पण ह्या सगळ्याहून मोठा सल होता तो वाघजाईच्या जत्रेचा.

चैती पुनवेला वाडीची जत्रा. वाघजाईला गावाचा मानाचा बोकड पडायचा. तो आणायचा, देवळापुढं दाव्याला धरून उभं राहायचं, हा मान गराड्यांच्या थोरल्या घराचा, म्हणजे रखमाजीचा. पण सुरी मुलाण्याची. मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याशिवाय बोकड देवीला पोचत नाही आणि ते मटण गावात कोणी चुलीवर चढवत नाही, ही सगळ्या मावळाची रीत. कोणी घातली, कधी घातली, कोणालाच ठाऊक नाही. आणि मुलाणी आपणहून यायचा नाही. ज्याच्या हातात दावं, त्यानंच हलगी लावून मुलाण्याच्या दारात जायचं, पानसुपारीचा विडा द्यायचा आणि म्हणायचं, "मुलाणी, देवी वाट बघती."

म्हणजे वर्षातून एकदा रखमाजीला डोक्याला फेटा बांधून त्याच राजमहंमदच्या दारात उभं राहावं लागायचं. वाडीचा हलगीवाला सोपान हलगी बडवायचा, आणि राजमहंमद काही लवकर बाहेर यायचा नाही. आत बसून दाढी विंचरायचा, सुरीला पाणी द्यायचा, चहाचा घोट घ्यायचा. रखमाजी उन्हात. मग तो बाहेर यायचा, पांढराशुभ्र, कानात अत्तराचा फाया, आणि सगळ्या गावात कुजबूज व्हायची, "आला, आला, मुलाणी आला!" बायका पदर सावरायच्या. बोकड रखमाजीनं वर्षभर पोसलेला, पाला घालून घालून गुबगुबीत केलेला; पण नाव कोणाचं? मुलाण्याचं.

अशी वीस-बावीस वर्षं गेली. दुखणं काही बरं झालं नाही, पण कोणी मेलंही नाही.

एकोणीसशे बत्तीसच्या उन्हाळ्यात मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा पेटला. धूर मुंबईत, पण आगीनगाडी घाट चढून लोणावळ्याला थांबायची आणि प्रत्येक डब्यातून बातमी उतरायची. एकजण दोन मेले म्हणायचा, तर दुसरा त्याचे वीस करायचा. पावसाळा संपेतो लोणावळ्याचा बाजार उभा चिरला गेला. ज्या हॉटेलात एकाच बाकावर बसून लोक चहा प्यायचे, तिथं बाकं वेगळी झाली. बांगड्या भरणारी लैला टोपली डोक्यावर घेऊन आळीआळीनं, वाडीवाडीनं फिरायची. तिला कोणी ओट्यावर बोलवेना. बायकांच्या हातात जुन्याच विटक्या बांगड्या राहिल्या, आणि त्या मनातल्या मनात चडफडायला लागल्या. दोन्हीकडं आग फुंकणारे निघाले. त्यातले बरेचसे बाजारातले, हाताला घट्टे नसलेले.

तरी त्या भाऊबीजेला राजमहंमद आला. रस्त्यानं नाही, बांधाबांधानं, मागच्या दारानं. पाटावर बसला, टिळा लावून घेतला, एकच करंजी खाऊन उठला. रखमाजीनं बघितलं, सरुबाईनं रोशनबीसाठी फडक्यात करंज्या बांधून दिल्या. फडकं चांगलं टम्म होतं.

फाल्गुन सरता सरता बाजारातला एक टोपीवाला गृहस्थ वाडीच्या चावडीवर येऊन बसला. गुळाचा व्यापार होता त्याचा. म्हणाला, "तुमच्या देवीचा बोकड परक्यानं का कापावा? मर्द उरले नाहीत का गराड्यांत? यंदा बोलावणं देऊ नका."

कोणी तंबाखू मळत राहिलं, कोणी नखं बघायला लागलं. बोलावणं द्यायचं का नाही हे ज्याच्या घराकडं, त्या रखमाजीकडं सगळे वळले. आणि रखमाजीच्या डोळ्यांपुढं दंगा नव्हता, मुंबई नव्हती, धर्मही नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढं ते दार होतं, ते ऊन होतं आणि आतून येणारा चहाचा वास होता.

"न्हाई देत," रखमाजी म्हणाला. "सुरी मी धरीन."

घरी सरुबाईला कळलं. ती ओरडली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, ह्या गावात माजं म्हायेर म्हंजी ते एकच दार. तुमी बोलावनं न्हाई नेलं, तर त्यो येनार न्हाई. आन एकदा त्यो आला न्हाई, की मंग कदीच येनार न्हाई."

"न्हाई आला तर न्हाई आला! करंज्या वाचतील."

"बरं," सरुबाई म्हणाली. ती 'बरं' म्हणाली की रखमाजीला भीती वाटायची.

पुनव आली. मुलाण्यांच्या दारावरून हलगी गेली, थांबली नाही. राजमहंमद दारात उभा होता. पांढरे कपडे घालून, दाढी विंचरून. म्हणजे ह्या वेळी तो आधीच तयार होऊन बसला होता. रखमाजीनं ते तिरक्या नजरेनं बघितलं आणि मान ताठ केली. आयुष्यात पहिल्यांदा राजमहंमद वाट बघत होता आणि रखमाजी चालत होता. काय गोड वाटलं म्हणता त्याला! देवळापर्यंत त्याचे पाय जमिनीला लागले नाहीत.

त्यानं कोयता घेतला आणि बोकड पाडला. हलगी वाजली. मग गावातली सगळ्यात म्हातारी बयाबाई काठी टेकत पुढं आली. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं.

"मुलाणी कुटंय? आवाज न्हाई आला."

"म्याच कापला, आजे."

"तू? आन बिस्मिल्ला कुनी म्हनलं?"

रखमाजी कोयता पुसायला लागला.

"मंग ह्यो देवीला दिला न्हाईस, बाबा. नुसता मारलास." बयाबाईनं काठी वळवली. "मी न्हाई खानार. माज्या सुनाबी न्हाई खानार."

झालं! एकामागून एक बाया पाट्या रिकाम्या घेऊन माघारी फिरल्या. पुरुष 'असं कसं, तसं कसं' करत राहिले, पण चुली काही त्यांच्या ताब्यात नव्हत्या. रखमाजी मानाचा वाटा घेऊन घरी गेला, तर सरुबाई पिठलं घोटत होती. सगळ्या वाडीत जिकडं बघावं तिकडं पिठलंच. कामशेत, कार्ला, वडगाव, कुठून कुठून लेकी-जावई, पाहुणे मटणाच्या आशेनं बैलगाड्या जुंपून आलेले. त्यांच्या ताटात पिठलं-भाकरी आणि कांदा. त्या टोपीवाल्यालाही पंगतीला बसवलं होतं. रखमाजी त्याला म्हणाला, "तुमी तरी खावा. तुमच्याच सांगन्यावरनं कापला." तो मागं सरकला, "छे छे, आम्ही मटणाला शिवत नाही हो!"

त्या रात्रीनंतर वाडीभोवतालचे कोल्हे कसे दिसायला लागले म्हणता! एकदम तुकतुकीत.

आणि मावळभर नाव झालं. कोणीही भेटलं की म्हणायचं, "कोन गाव? तळपेवाडी? अरारा, पिठल्याची जत्रा!" वडगावच्या कचेरीत रखमाजी सातबाऱ्याच्या कामाला गेला, तर तिथला शिपाईसुद्धा म्हणाला, "या, पिठलेवाले." बयाबाईच्या धाकट्या जावयानं तर सासुरवाडीला येणंच सोडलं.

ते सगळं रखमाजीनं सोसलं असतं. पण आठवड्यानं बाजाराच्या वाटेवर राजमहंमद समोरून आला. रखमाजीनं नेहमीप्रमाणं कपाळाला आठ्या घातल्या आणि 'दाजी' ऐकायची तयारी केली. राजमहंमद बाजूला झाला, वाट दिली, आणि म्हणाला, "रामराम, गराडे."

गराडे! रखमाजी घरी येऊन जेवला नाही.

"आता पाटावर कुनाला बशिवनार हाये मी?" सरुबाई एवढंच म्हणाली. "माजं म्हायेर मोडलंय तुमी. ते आना परत."

"मी कुटनं आनू?"

"जिथनं मोडलं तिथनं."

महिनाभरात मोहरम आला. वाडीचा डोला राजमहंमदच्या अंगणात बसायचा. बांबूच्या कामट्यांचा, रंगीत कागदाचा, वर बेगडाचा घुमट. चार खांद्यांवर निघायचा आणि इंद्रायणीच्या डोहात बुडवून थंड केला जायचा. आता त्यातली मौज बघा. ह्या डोल्याचा पुढचा उजवा खांदा होता गराड्यांचा! रखमाजीच्या पणजीची पोरं जगत नव्हती, तिनं डोल्याला नवस बोलला आणि आजा जगला, तेव्हापासूनचा तो मान. रखमाजीनं लहानपणी हिरवा दोरा गळ्यात घालून फकिरीसुद्धा मागितली होती. पुढं उजवीकडं रखमाजी, डावीकडं राजमहंमद; दोघांची उंची एक, डोला पाण्यासारखा सपाट चालायचा.

ह्या वेळी रखमाजीला कोणी बोलावलं नाही. बाजारातला एक अत्तरवाला येऊन मुलाण्यांना सांगून गेला होता, "यंदा आपला डोला आपल्याच खांद्यावर." उचलायची वेळ आली तेव्हा त्या अत्तरवाल्याची कंबर धरली आणि तो ओट्यावर बसून राहिला.

रखमाजी आपल्या बांधावर उभा होता. खुरपं हातात होतं, पण खुरपायला तिथं काही नव्हतं. डोला उठला. डावा खांदा राजमहंमदनं बदलला होता. तो उजवीकडं आला होता, गराड्यांच्या जागी! आणि त्याच्या शेजारी डावीकडं कोण, तर कादरचाचा. राजमहंमदचा चुलता, साठीचा, उंची राजमहंमदच्या कानाएवढी. डोला एका अंगाला कलला. घुमट कडुनिंबाच्या फांदीला घासला, बेगड फाटली, रोशनबी "या अल्ला!" म्हणून ओरडली. कादरचाचाचे पाय लटपटत होते.

पण रखमाजीला घुमट दिसत नव्हता. त्याला आपली जागा दिसत होती आणि त्या जागेवर राजमहंमद. खुरपं तिथंच टाकून तो बांधावरून उडी मारून धावत सुटला. रस्त्यात धोतर काट्याला अडकलं, फाटलं, तो थांबला नाही.

"ए मुलाण्या! सरक. ही जागा माजी हाय!"

अंगणातली माणसं थबकली. कोणी काठीला हात घातला. पण राजमहंमद डोल्याखाली, त्याला हलता येईना.

"कुनी बोलावलं तुला, गराडे?"

"माज्या पंजीनं बोलावलंय! कादरचाचा, तुमी व्हा भायेर. आन तू व्हय तुज्या डावीकडं."

कादरचाचा तर वाटच बघत होता. "अल्ला तुजं भलं करो," म्हणून तो असा सटकला की डोला पडायचाच. राजमहंमदला झक मारून डावीकडं सरकावं लागलं. रखमाजीनं उजवा खांदा घातला. डोला सरळ झाला. सोपान हलगीवाला घाबरून लांब उभा होता. त्यानं बघितलं आणि आपोआप टिपरू घातलं.

मग डोहापर्यंतची वाट. दोघांचे खांदे गुंतलेले, हात वर. मारामारी करायची सोय नव्हती. तोंडंच तेवढी मोकळी.

"मी तयार हून बसलो हुतो," राजमहंमद पुढं बघत म्हणाला. "हलगी दारावरनं गेली माज्या."

"दर साली मला उनात उभा करतोस, त्ये?"

"तेवडीच तर मजा असती वरसात."

"आन चा पितोस आत!"

"मंग? तू डोल्याला म्होरं चालतोस तवा मला काय हुतं, कदी इचारलंस? पीर माजा, आंगन माजं, कागद चिटकवून बोटं माजी फाटतात, आन उजवा खांदा कुनाचा? गराड्यांचा! बाया म्हनतात, रखमाजी किती सरळ चालतो. ल्हानपनापास्नं जळतोय मी."

रखमाजीचा पाय अडखळला. डोला हिंदकळला. मागून ओरडा झाला.

"तू? माज्यावर जळतोस?"

"मंग कुनावर जळू? कादरचाचावर?"

रखमाजीनं खांदा सावरला. त्याला छातीत काहीतरी वेगळंच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ते फार बरं वाटत होतं. एवढी वर्षं एकट्यानं जळलो म्हणून जो त्रास होता, तो अर्धा उतरला.

"सरळ चालतो म्हनतात?" त्यानं हळूच विचारलं. "कोन म्हनतं?"

"म्होरं बघ, गुमान."

डोहात डोला थंड केला. दोघं गुडघाभर पाण्यात, ओले, धापा टाकत. काठावर सरुबाई उभी होती, फाटकं धोतर बघत होती. राजमहंमदनं तिच्याकडं बघितलं नाही, रखमाजीकडं बघितलं.

"चैतात येनार का दारात?"

"येतो. पन उनात उभा करायचं न्हाई."

"त्ये काय जमायचं न्हाई, दाजी."

ते 'दाजी' इंद्रायणीच्या दोन्ही काठांवर ऐकू गेलं. रखमाजीनं कपाळाला आठ्या घातल्या, पण चेहऱ्याला त्या बसेनात.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला राजमहंमद पुढच्या दारानं आला आणि करंज्या पूर्वीपेक्षा जास्त खाल्ल्या. लैलाची टोपली पहिल्यांदा उतरली ती सरुबाईच्या ओट्यावर. मग बाकीच्या बायका काय मागं राहतात? वाडी शिवली गेली ती अशी, एकेका टाक्यानं. लोणावळ्याच्या बाजाराला जास्त वेळ लागला. तिथं माणसं जास्त आणि डोला उचलणारे कमी.

चैती पुनवेला रखमाजी फेटा बांधून विडा घेऊन गेला. सोपानचे हात दुखून आले तरी राजमहंमद बाहेर येईना. आतून चहाचा वास आला. रखमाजीनं दात-ओठ खाल्ले, मनापासून. मग रोशनबी बाहेर आली, एक पेला त्याच्या हातात देऊन म्हणाली, "भावजी, ह्ये तुमच्या मेव्हण्यानं दिलंय. म्हनाले, उनात उभा हाय बिचारा." त्या 'बिचारा'नं तो जो पेटला, तो जत्रा संपेपर्यंत. बोकड देवीला पोचला, सगळ्या चुलींवर रस्सा उकळला, कामशेतचे जावई परत आले. रात्री पंगतीत रखमाजीच्या ताटात नळी पडली आणि राजमहंमदच्या ताटात काळीज. सरुबाईनं वाढलं होतं. रखमाजी ते पुढं जन्मभर सांगत राहिला.

पिठल्याच्या जत्रेनंतर चौदा वर्षांनी, सत्तेचाळीस साली, पुन्हा तशाच बातम्या गाड्यांतून उतरायला लागल्या आणि तसलाच एक नवा टोपीवाला चावडीवर येऊन बसला. "यंदा मुलाण्याला बोलावणं नको," म्हणाला. गाव पुन्हा नखं बघायला लागलं. रखमाजी तेव्हा पिकला होता, गुडघे गेले होते. तो काठी आपटत उठला.

"बोलावनं बंद झालं तर मान कुनाचा जातो? माजा! आन त्यो डोल्याला मोकळा उजवीकडं घुसंल! तू कोन रं माजा मान घालवनार?"

आणि पुनवेच्या आदल्या दिवशीच, हलगीची वाटसुद्धा न बघता, तो विडा घेऊन राजमहंमदच्या दारात जाऊन उभा राहिला. उन्हात.